पहिलं अक्षर

मंगळवारी रात्री सर्व्हरवरची जुनी आवृत्ती गेली
आणि बुधवारी सकाळी एकेचाळीस खलाशी
बेवारस झाले.

रन्वा म्हणाली, हानुस, कॉफी ठेव, इकडे ये.
खिडकीबाहेर क्लाक्सविकचं बंदर,
ट्रॉलरवरून कॉडच्या पेट्या उतरत होत्या.

प्रोग्रॅम विचारतो एवढंच, वर्षानुवर्षं:
बोट आहे? बोटीत माणूस?
माणसाच्या नोंदीत जवळचं कुणी?
त्या कुणाच्या आत फोन?
डब्यात डबी, डबीत पुडी.
मधेच रिकामं लागलं तर
मुकाट्यानं 'नाही' म्हणायचं, बस.

पण काही ठिकाणी डबीच नव्हती.
बोट सुटायच्या घाईत, हातमोजा दातात धरून
तिथे मी नुसतं टंकलं होतं:
विचारून लिहितो.

जुनी आवृत्ती भाबडी.
शब्दात फोन शोध म्हटलं
की 'फोन'चं ती शून्य करायची,
शून्य म्हणजे पहिली जागा,
आणि पहिल्या जागी होता 'वि'.
आहे, म्हणायची. काहीतरी आहे.
शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती;
इथे एका 'वि'वरून
आख्खी बायको, तिचं घर,
रात्री अडीचला उचलला जाणारा फोन.

नवी तसं करत नाही.
अक्षराच्या पोटात घर मावत नाही, हे तिला कळतं.
नाही, म्हणते.
एकेचाळीस वेळा, आवाज न चढवता.

तपासणी सैल करू का, पूर्वीसारखी?
रन्वानं विचारलं. दोन ओळींचं काम आहे.

मी यादीतलं सातवं नाव बघत होतो.
ब्रान्दुर. फेब्रुवारीत विंचमध्ये हात सापडला,
नऊ दिवस इस्पितळात.
कळवलं असेल कुणीतरी, असं आम्ही धरून चाललो,
कारण अहवालात त्याच्यापुढे
हिरवी खूण होती.
माझ्या आळसाची हिरवी खूण.

राहू दे, म्हटलं. नवीचंच बरोबर आहे.
आणि फोन ओढून घेतला.

ब्रान्दुर झोपेतून उठलेला.
जवळचं कुणी? खूप वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, लिही, शेजारीण.
मधूनमधून सूप आणून देते.
नाव काय तिचं?
नाव... थांब, विचारून सांगतो.

या वेळी मी काहीच लिहिलं नाही.
रिसीव्हर कानाशी धरून बसलो.
पलीकडे दार उघडलं,
जिन्यावर पावलं,
आणि दुसऱ्या कुठल्यातरी दारावर
त्याच्या धड हाताची टकटक.