करंगळी

रात्री कोपराला टॉवेल गुंडाळते,
वर परकराची नाडी. हात वाकू नये.
श्रीरंग म्हणतो, शेजारी फळी निजल्यासारखी वाटते.

बावीस वर्षं निबंधक कचेरीच्या टेबलावर
हेच कोपर टेकून
लोकांच्या खरेदीखतांची पानं मोजली.
आता आमटीभात कालवताना
शितं गळतात, मला न सांगता.

पाचपाखाडीच्या डॉक्टरांनी
अंगठा नि तर्जनीत कागद धरायला दिला,
ओढला. निघून गेला.
मी धरला होता, खरंच.
“नस दबलीय. कोपरामागून काढून पुढे सरकवू.”
सरकवू, म्हणाले, जसं कपाट.
“बोटं पूर्वीसारखी होतीलच असं नाही.
पण थांबलात, तर आहे तेवढंही…”

संमतीपत्र तीन आठवडे पर्समध्ये,
लाइटबिलाच्या घडीत.
सही याच हाताची लागेल.

काल तलावपाळीच्या कट्ट्यावर बसले,
हात मांडीवर लांब करून.
गणवेशातली दोन पोरं भेळेवरून भांडत होती.
सहज करंगळी वर करून पाहिली,
तिसरीत बाईंना दाखवायचे तशी.
अर्धीच उठली, जराशी वाकडी.

“जा” म्हणायला कुणी नव्हतं.