मेणकापडासकट

टीव्हीवाल्यांनी आमचं टेबल नेलं
ऐंशी पौंडांना, मेणकापडासकट.
व्हॅनमध्ये चढवताना तो पोरगा म्हणाला,
"अस्सल आहे हो, मिसेस कोप."
आई म्हणाली, "एक पाय डुगडुगतो,
खाली पुठ्ठा घालावा लागतो."
त्यानं ते लिहूनही घेतलं.

मार्चात मालिका लागली. रविवारी, नऊला.
आईनं केस सेट करून घेतले,
जणू तिकडून तिलाच कुणी बघणार होतं.
शेजारच्या मॅव्हिसला बोलावलं, ओटकेक गरम केले,
आणि आम्ही तिघी बसलो
घडीच्या टेबलाशी, गुडघे आखडून.

आलं. आमचंच.
पण त्यावर चहाची वर्तुळं, सिगारेटचं भोक,
कडेनं काळपट चिकट थर.
"हे कुणी केलं?"
मी म्हटलं, त्यासाठी माणूस असतो, आई. पगारी.
स्वच्छ वस्तू मळवून देतो.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "युनियन आहे का त्यांची?"

पडद्यावर बाप पिऊन आला.
मुलगी रडली. खिडकीबाहेर भुरभुर,
अख्खा तासभर भुरभुर.
कामावर मात्र कुणी गेलं नाही.
मॅव्हिस म्हणाली, "यांना बरी बाई सुट्टी."

आईनं एकतीस वर्षं कपांना कान लावले,
बर्सलेमला, कालव्याकाठच्या कारखान्यात,
दिवसाला साठ डझन.
वाकडा लागला की पैसे कापायचे.
तिचा अंगठा अजून त्या बाकात आहे.
कुणाकडेही गेली की कप रिकामा करून
ती उपडा करते, तळाचा शिक्का वाचते.
आमच्या गावात सगळेच करतात, लग्नातसुद्धा,
कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मालिकेतल्या मुलीच्या हातात कप होता.
खूप जवळून दाखवला,
कपापेक्षा तिचे डोळेच जास्त.
आई पडद्याकडे वाकली:
"उलटा कर ना गं. एकदा उलटा कर."

नाही केला.
बापानं टेबलावर मूठ आपटली
आणि टेबल हललं नाही.
"पुठ्ठा घातलाय," आई म्हणाली, "तेवढं ऐकलं हं त्यांनी."
आणि एकदम तोंडावर हात नेला.

टेबलाच्या पोटाशी, आतल्या बाजूनं,
बाबांची पेन्सिल होती.
भट्टी बंद पडली त्या हिवाळ्यातली उधारी,
उताणं पडून लिहिलेली, आम्हा पोरांना दिसू नये म्हणून.
एकेक नाव नंतर खोडलेलं.
एक सोडून.

टीव्ही चालूच होता, कुणीतरी जिना उतरत होतं.
आईनं बरणीतला ऐंशीचा लिफाफा काढला,
चष्मा शोधला,
दोन पौंड चाळीस मोजून वेगळे ठेवले
आणि मॅव्हिसला विचारलं,
हॅरल्ड टफ्टची थोरली
हल्ली कुठे राहते.