बिडबेड

वीज गेली, वडगावचे सगळे माग एकदम गप्प झाले,
आणि त्या शांततेतच मी पडले, म्हणे.
मला आठवतो कांडीवरचा हिरवा धागा
आणि जिभेवर लोखंडाची चव.

कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी कांदा,
कुणी तोंडात घालायला चमचा शोधत होतं.
शेजारच्या बसव्वानं तेवढं मला कुशीवर वळवलं,
डोक्याखाली लुगड्याची घडी सरकवली
आणि घड्याळाकडं बघत राहिली.
दोन मिनिटं.
माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटं
तिच्याकडं आहेत.

तीन दिवस गोळी खाल्ली नव्हती मी.
रेंदाळहून लग्न होऊन आले तेव्हा
पाकिटं कांड्यांच्या डब्यात तळाशी लपवली होती.
सासू डबा आवरायला बसली
तशी उचलून बंबात टाकली.
दोन वर्षांत एकदाही फिट नाही,
म्हणजे बरी झाले असणार, असं वाटलं.
ते बरं असणं गोळीचंच होतं.

सिव्हिलचे डॉक्टर विजापूरकडचे.
मराठी येते त्यांना, पण रागावताना येत नाही.
"बिडबेड," म्हणाले, "बिडबेडव्वा."
सोडू नकोस, बाई.
मग सासूकडं बघून गप्प झाले.
सासू म्हणाली, "सांगा की.
गोळ्या मी आठव्या दिवशीच बघितल्या होत्या.
रोज मोजत होते.
कमी होत होत्या, म्हणून बोलले नाही."

जुनी गोळी तुला लागू होती, म्हणाले डॉक्टर,
पण पोटात बाळ असताना ती बाळाला बाधू शकते.
म्हणून दुसरी.
नवी हळूहळू चढवायची, जुनी हळूहळू उतरवायची.
सासूनं मान हलवली: सरत्या ताण्याच्या टोकांना
नवा ताणा सांधतात, तसं.
बाळाचं मनात आलं की आधी मला सांगा.
न सांगता राहिलं, तर घाबरून गोळी सोडायची नाही,
तडक इकडं यायचं.
वर एक इवलीशी पिवळी, फॉलिकची,
आतापासूनच.

नव्या गोळीवर फिट आली नाही.
राग आला.
आमटी खारट म्हणाला म्हणून
मल्लेशपुढचं ताट मी अंगणात भिरकावलं.
सासू म्हणाली, "हे तुझं नव्हे गे, गुळगीचं.
डॉक्टरला सांगू."
सांगितलं. त्यांनी डोस बदलला, राग निवळला.
सगळा नाही.
थोडा माझा होता,
तो डब्याच्या तळाशी पाकिटांबरोबर
चार महिने दडपलेला.

आता पट्ट्याजवळ बसायचं नाही,
विहिरीवर एकटीनं जायचं नाही.
कांड्या भरणं सुटलं, पदराचे गोंडे बांधते.
मजुरी निम्मी.
हे पाकिटावर कुठं छापतात?

रात्री नऊला मागाच्या खडखडाटावरून
सासूची हाक येते, "गुळगी नुंगिदी?"
मी मुद्दाम उत्तर देत नाही.
ती उठते, घड्याळाशेजारच्या फळीवरचं
पाकीट उजेडात धरते,
बोटानं एकेक कप्पा चाचपते.

बारा उरल्यात.
मंगळवारी आणायच्या.