डावीकडची बाजू

पाळक म्हणाले, येत्या शुक्रवारी साक्ष द्या,
सेवेबद्दल. पाच मिनिटं पुरे.
मी हो म्हटलं आणि घरी येऊन वही काढली.

निळ्या पुठ्ठ्याची, शारजाला आले त्या वर्षीची.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
खर्चात दर महिन्याला एक ओळ आहे,
तिला मी कधी धड नाव दिलं नाही.
नुसतं लिहिलं: आमोसचं ते.

आमोसचं ते म्हणजे
रोल्यातल्या टायपिंग सेंटरमधून सुटल्यावर
हा माणूस मेलेल्यांची कागदपत्रं करतो.
कुणाचा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला,
कुणाच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन,
कुणाच्या घरचा फोन लागतच नाही.
पोलीस ठाणं, दूतावास, शवागार,
मग विमानतळाचा मालवाहू विभाग.
तिथे वजन करतात. पेटीसकट.
माणूस परत किलोवर जातो, असं तो एकदाच म्हणाला
आणि जेवला नाही.

श्रीरामपूरचा प्लॉट दोनदा हातचा गेला.
शलोमीच्या दृढीकरणाला बाप नव्हता,
एका नेपाळी सुताराला काठमांडूच्या विमानात चढवत होता.
त्या रात्री मी खूप बोलले.
म्हटलं, जिवंतांचं काही कर,
निदान ते थँक्यू तरी म्हणतील.
तो बूट काढत होता. म्हणाला,
म्हणूनच गं.

एवढंच.
एवढ्यात कुणाला काय कळतं?

मग ऑगस्टमध्ये, दाराची कडीसुद्धा पोळायची तेव्हा,
त्यानं पहिल्यांदा मला मागितलं.
कडप्प्याची बाई आहे, वरलक्ष्मी, घरकाम करायची.
उद्या जाईल. तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही.
नाही म्हणायला मी तोंड उघडलं
आणि कपाटातून कंगवा घेतला.

बाहेर सत्तेचाळीस, आणि आत ती थंडी.
तिचे केस लांब होते, गुंतलेले,
आणि मी, काय सांगू, खालून सोडवत गेले,
वरून ओढलं तर तिला दुखेल म्हणून.
मनगटावर इस्त्रीचा जुना डाग.
माझ्याही आहे, उजव्या.
खोबरेल लावलं, तीन पेडांची वेणी घातली,
पर्समधल्या शलोमीच्या रिबिनीनं बांधली.
कुंकू लावू की नको, कुणाला विचारू?
मी ख्रिस्ती, शेजारी उभी नर्स फिलिपिनो.
तिची आई ठरवेल, म्हटलं,
आणि कपाळ नुसतं पुसून घेतलं.

प्रभूनं कमरेला रुमाल बांधला,
बारा जणांचे पाय धुतले,
त्यातला एक जेवणावरून उठून त्याला विकायला जाणार होता.
ठाऊक असून त्याचेही धुतले, टाच घासून.
हे मी शंभरदा ऐकलंय, पंख्याखाली बसून.
ऐकताना कधी गुडघे दुखले नव्हते.

घरी आले, दोनदा हात धुतले, कणीक मळली.
तरी चपातीला खोबरेलाचा वास.
आमोस काही बोलला नाही. दोन जास्त खाल्ल्या.

आता पाच मिनिटांत काय सांगू?
त्याग वगैरे शब्द माझ्या तोंडी बसत नाहीत.
प्लॉटचं मला अजून वाईट वाटतं,
देवासमोर खोटं कशाला बोलू.
शलोमी त्या दिवसाचा फोटो भिंतीवर लावू देत नाही,
त्यात बापाच्या जागी खुर्ची आहे.
हे सगळं उजवीकडे लिहिलेलं आहे, तारीखवार,
खोडलेलं नाही.

त्या रात्रीही मी वही उघडली होती.
टॅक्सी, चाळीस दिरहम. कंगवा, एक, तिथेच ठेवला.
मग डावीकडे काहीतरी लिहायचं म्हणून
हात टेकवून बसले बराच वेळ.
शब्द सुचला नाही.
बोटांचा तेलकट डाग तेवढा उमटला,
कागद तिथे अजून पारदर्शक आहे,
उजेडात धरला तर पलीकडचं पान दिसतं.