भावे प्रयोग

आयोगाची खोली भाड्याची आहे,
रेडिंग स्टेशनमागे, गालिच्यांच्या बंद पडलेल्या दुकानावर.
हीटर लावला की अजून लोकरीचा वास येतो.
मी टंकते. बोललं जातं तेवढंच.
खोकला, हुंदका कंसात.
बारा सेकंदांहून लांबली तर शांतताही.

पडद्याआड सैनिक चौदा.
नाव नाही. आवाज यंत्रातून जाड केलेला.
पडद्याखालून बूट मात्र दिसतात,
डाव्याची नाडी सुटलेली.
तो म्हणतो : गोळ्या झाडल्या गेल्या.
कुणाकडून?
कारवाईदरम्यान.
मी टंकते : कारवाईदरम्यान.

मिरजेला हुदलीकर बाई फळ्यावर लिहायच्या,
शिपायाने चोराला पकडले.
आणि खडू आमच्याकडे रोखून :
क्रियापद कुणाचं ऐकतं?
शिपायाचं नाही. चोराचंही नाही.
शिपाई दहा करा, चोरांच्या बायका करा,
पकडले ते पकडलेच.
नपुंसकलिंगी, एकवचनी, दोघांना पाठ करून उभं.
गुण दोन. मला दोन्ही मिळाले होते.

आयोगाची कार्यकक्षा :
रात्री दोन चाळीस ते तीन पंधरा.
पस्तीस मिनिटं, एक अंगण, एक भिंत.
त्याआधीचं सगळं,
कोसळलेले मनोरे, भुयारी रेल्वेतला धूर,
कुणी कुणाला कधी काय विकलं,
त्याला अध्यक्ष ‘संदर्भ’ म्हणतात
आणि पाण्याचा पेला सरकवतात.

जेवणाच्या सुट्टीत फोरबरी बागेत बसते.
तिथे लोखंडी सिंह आहे, भलामोठा.
खाली अफगाण मोहिमेत पडलेल्यांची नावं, तीनशेवर.
अठराशे ऐंशी.
त्याच रणात मुंबईच्या पलटणीही होत्या.
त्यांची नावं इथे नाहीत. मी शोधली, डबा उघडण्याआधी.
आमच्या दाराशी बसणारी डोरीन या बागेत येत नाही.
जूनमधल्या एका संध्याकाळी याच गवतावर सुरी चालली,
तेव्हापासून ती वळसा घालून जाते,
वर्षं झाली तरी.
सुरी चालली, असंच म्हणते तीही.

दुपारी दूरच्या पडद्यावर तो बाप.
मागे फ्रिज, फ्रिजवर प्लॅस्टिकची फुलं.
प्रश्न जायला दोन सेकंद, उत्तर यायला दोन,
मधे तो आमच्याकडे बघत राहतो,
बहिऱ्या माणसासारखा, सभ्यपणे.
मग एकच शब्द बोलला.
दुभाषी झरमीनानं इंग्रजी केलं :
त्यांनी मुलाला मारलं.
मूल म्हणजे मुलगा की मुलगी, वकिलांनी विचारलं.
झरमीना थांबली.
म्हणाली, ते त्यांनी सांगितलंय मघाशीच.

चहाच्या यंत्रापाशी तिनं मला समजावलं.
पश्तूत घडून गेलेलं क्रियापद
मारणाऱ्याकडे जात नाही,
मेलेल्याकडे जातं.
त्याच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरात
मुलगी होती.
इंग्रजीत आणताना गळली. कुठे ठेवणार तिला?

पेला हातात तसाच.
मी मनात माझ्या भाषेत करून पाहिलं :
त्यांनी मुलीला मारलं.
मुलींना मारलं.
मुलाला, म्हातारीला, सगळ्यांना
मारलं.
बाईंनी दिलेले ते दोन गुण.

दुरुस्तीचा अर्ज अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा असतो.
पान एकशे बारा, ओळ नऊ.
पुढे एक रकाना : कारण.
एवढासा. दोन बोटं रुंद.
याच खोलीत कारणं कार्यकक्षेबाहेर आहेत
हे सकाळी मीच टंकलंय.

लिहिलं : क्रियापद स्त्रीलिंगी होतं.

डोरीननं अर्ज घेतला, शिक्का मारला, वाचला नाही.
साडेपाचला सैनिक चौदा मागच्या जिन्यानं गेला.
नाडी आता बांधलेली. गाठ दोनदा मारलेली.
उत्तर आलेलं नाही.
हीटर बंद केल्यावरही बराच वेळ
लोकर जळाल्यासारखा वास येत राहतो.