उघारी

येवतकर सरांच्या कविता मला कधी फारशा आवडल्या नाहीत.
हे त्यांना माहीत होतं.
तीनशे प्रती, स्वखर्चाने छापलेल्या,
गोठिवलीच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात, खडूच्या खोक्यांमागे;
धावण्यात पहिला या, चित्रकलेत तिसरी या,
बक्षीस तेच पुस्तक.
आमच्या घरात दोन झाली. एकावर आये चष्मा ठेवायची.

सर मुखेडकडचे.
समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर,
तोही खाडीचा, ओहोटीचा, नुसता चिखल.

सातवीत निबंध होता, माझे वडील.
मी लिहिलं : माजा बापूस रातचा उघारीव जातो.
वही परत आली. शब्दाभोवती लाल गोल.
मी हात पुढे केला, तळवा वर,
आधीच्या बाईंनी लावलेली सवय.
सरांनी माझं दप्तर सरकवलं
आणि त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.
म्हणाले, हा शब्द मला येत नाही. सांग.

सांगितलं.
खाजणाच्या बांधाला एक लाकडी दार असतं,
भरतीला आपलं आपण मिटतं, ओहोटीला उघडतं.
त्याच्या तोंडाशी बापूस जाळं लावतो
आणि बिडी ओंजळीत लपवून बसतो
पाणी बाहेर निघेस्तोवर.
सरांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, फुकट नको,
आणि मला एक शब्द दिला, चाडं.
तिफणीवरचं लाकडी वाडगं, ज्यातून बी मुठीमुठीनं मातीत उतरतं.
आम्ही आवण लावणारे, मला ते दिसेना.
त्यांनी ओंजळ करून दाखवली.
बापसाच्या बिडीसारखीच.

त्या वर्षी वर्गात शब्दांचा बाजार भरला.
निवटी गेली, खुबे गेले, जिताड्याला दोन शब्द मिळाले.
खाणीवरचा यल्लप्पा, जो तोवर कधी बोललाच नव्हता,
सुतकी घेऊन आला. शब्द नव्हे, खरीच सुतकी,
आणि टेबलावर ठेवली तेव्हा टेबल हललं.

एकदा माझी आत्या आली, धवलारीण.
सगळ्या गावाची लग्नं तिच्या गळ्यातून गेलेली,
पण शाळेच्या उंबऱ्यावर चपला काढून
खुर्ची नको नको म्हणत भिंतीशी उभी राहिली.
मुख्याध्यापक दारात घड्याळ बघत होते, गणिताचा तास होता.
सर वर्गाला म्हणाले, उभे राहा,
बाई उभ्या आहेत.
चाळीस मिनिटं आम्ही उभे. पाय दुखले.
आत्याला हळदीपासून वरातीपर्यंत सगळं म्हणायचं होतं
आणि तिला कुणी अडवलं नाही.
(गणितात मला त्या सहामाहीला एकवीस. हेही लिहायला हवं.)

बांध आता नाही. खाजणावर सोळा मजले आहेत.
बापूस त्यातल्याच एका इमारतीत रातचा गेटवर बसायचा,
म्हणायचा, काम तेच हाय, भरती-ओहोटी मोटारींची.

मी पालिकेत, धारण तलावावर, कनिष्ठ अभियंता.
खाडीच्या बाजूला लोखंडी झडपा आहेत,
भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात.
फाइलीत फ्लॅप गेट.
जुलैतल्या एका रात्री, पाणी चढत असताना,
नोंदवहीत घाईनं माझ्या हातून गेलं :
उघारी क्रमांक तीन अडकली, गाळ काढला, सुरू.

सकाळी साहेबांनी लाल गोल केला.
हे काय?
मी म्हटलं, बसा, सांगते.
ते बसले नाहीत. अर्धं ऐकलं, फोन आला, निघून गेले.

सरांना कळवायला कोपरखैरण्याला गेले. ऐकून हसले
आणि कपाटातून, अजूनही, तेच पुस्तक काढून दिलं.
तिसरं.

ऑगस्टच्या अहवालात, साहेबांच्या अक्षरात,
पान सात, तळाशी :
ऊघारी क्र. ३, तपासणी केली, ठीक.
पहिला ऊ दीर्घ.

माझ्या खिशात लाल पेन होतं.
मी ते काढलं नाही.