काटाघर

डाळ मिल बंद पडली, काटा तेवढा राहिला,
पोत्यांचा, लोखंडी, जमिनीत बसवलेला.
पहिल्या मंगळवारी आम्ही अकराही जण त्यावर चढलो.
पाच क्विंटल अठ्ठावन्न.
वैजिनाथप्पा म्हणाले, "तुरीचा भाव लावा,
शाळेची फी निघंल."

हजेरी माझ्याकडे.
तीस वर्षं उदगीर डेपोला कंडक्टर होतो,
माणसं मोजायला मला कागद लागत नाही.
दारात उभा राहतो, एकदा मागंपर्यंत बघतो.

नियम एकच :
ज्याला जे येतं, त्यानं ते शिकवायचं.
सुमित्राबाई सूर्यवंशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या.
त्यांनी नाडी बघायला शिकवलं.
तासभर आम्ही एकमेकांची मनगटं धरून बसलो,
ओठ हलवत, आकडे मोजत.
घरी इतका वेळ कुणी कुणाचा हात धरत नाही,
हे कुणी बोललं नाही.

माझी पाळी आली. मला काय येतं?
चालत्या गाडीत न धरता उभं राहता येतं.
पाय फाकवा, गुडघे सैल सोडा,
वळण यायच्या आधी अंग वळू द्या.
काटा हलतो, त्यावरच सराव केला.
वैजिनाथप्पा चिल्लरगे, वय एक्याऐंशी,
देवणीच्या घाटात उभे असल्यासारखे डुलत होते
आणि खाली उतरायला तयार नव्हते.

मग हफीजसाहेब घड्याळवाले. उर्दू.
"उजवीकडून," म्हणाले.
मला वाटलं, गाडी रिव्हर्समध्ये घ्यायची.
अक्षरं मात्र लगेच बसली :
होडी एकच, सवाऱ्या निराळ्या.
खाली एक ठिपका, बे. खाली तीन, पे.
टपावर दोन बसले की ते.

तिसऱ्या मंगळवारी शेवंताबाई केंद्रेंनी कागद काढला.
पिशवीतून डबा, डब्यातून पिशवी, पिशवीतून फडकं.
निजामाच्या काळातला, त्यांच्या वडलांचा.
चार एकराचा कागद म्हणून घरात पूजेला लागलेला.
त्याच्यावरून त्यांचे दोन भाऊ
बावीस वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.
"वाचा की साहेब."
हफीजसाहेबांनी एकदाच नजर फिरवली,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.
"वाचतो. पण ते माझं वाचणं होईल.
तुम्ही वाचा."

अकरा मंगळवार लागले.
अक्षर असं की मुंगी शाईत बुडून पळालेली.
मधे उत्तमराव लेकाकडे पुण्याला गेले,
तरी फोन करून विचारायचे,
दुसऱ्या ओळीतलं ते काय निघालं?
"सन फसली" निघालं. तेराशे बावन्न निघालं.
मग वडलांचं नाव,
तेव्हा शेवंताबाईंनी पदर सारखा केला.
मग एक शब्द दोन आठवडे अडला,
त्या स्वतःच त्याच्याशी झोंबत राहिल्या,
बोट ठेवून, एकेक ठिपका उचलत :
का… काळी… म्हैस.
कोंडवाड्याची पावती.
परक्याच्या जोंधळ्यात शिरल्याबद्दल
दंड आठ आणे, हाली.

कुणी हसलं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
शेवंताबाईंनी कागद फडक्यात, फडकं पिशवीत,
पिशवी डब्यात ठेवली.
मग म्हणाल्या,
"म्हंजे म्हैस आमचीच हुती म्हणा की."
आणि मग जे हसू फुटलं,
वैजिनाथप्पांची कवळी सुटली,
सुमित्राबाईंना त्यांची नाडी बघावी लागली.

पुढच्या मंगळवारी मी दारातून बघितलं,
दोन सवाऱ्या जास्त.
एक खिडकीशी, एक पार काट्याच्या पलीकडं.
टोप्या सारख्याच, नाकंही.
बहिणीवर विश्वास नव्हता त्यांचा.
दोघांनाही कागद ऐकायचा होता.
"ऐकायचा नाही," हफीजसाहेब म्हणाले,
"बसा. अलिफपासून."

पाटी एकच शिल्लक होती.
दोघंही तिच्याकडं बघत होते.